व्हिडिओ की परभणीचा सल्ला?

भाच्याचं सोयाबीन पिवळं पडलं. "मामा, मोबाइलवरचा व्हिडिओ एक सांगतो, परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला दुसरंच. ऐकू कोणाचं?"

आधी तारीख बघ म्हणालो. विद्यापीठाचा हवामान-सल्ला मंगळवारी अन् शुक्रवारी येतो, वर तारीख असते. व्हिडिओ निघाला तीन खरिपांपूर्वीचा.

खरी मेख निदानात. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर आपल्या चुनखडीच्या रानात बहुतेक लोहाची कमतरता. पानावर हिरवे-पिवळे चट्टे, तर पिवळा मोझॅक, म्हणजे विषाणूचा रोग. तो पांढरी माशी पसरवते. व्हिडिओवाल्यानं दोन्हीला एकच बाटली सांगितली, अन् खाली त्याच बाटलीच्या मागणीचा नंबर! सल्ल्यात घटकाचं नाव अन् पाण्यात किती टाकायचं ते असतं. दुकान मग कोणतंही चालतं.

भाषेत मात्र व्हिडिओ जिंकतो. सल्ला वाचताना झोप येते, अन् तो अख्ख्या मराठवाड्यासाठी. तुझ्या बांधावरचं त्याला काय ठाऊक?

पंप कसा धरायचा, नोझल कोणतं, हे बघायला व्हिडिओ बरा. काय फवारायचं, किती, हे ठरवायला परभणी. चट्टा की शिरा हेच कळेना, तर चार पानं पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्र गाठ.