बंद डुक्कर फियाट की चालती अ‍ॅम्बेसेडर: दोन लाख कुठे घालावेत?

पुतण्याला जुनी गाडी घ्यायची आहे. महिनाभरात त्याच्याबरोबर दोन पाहून आलो. पहिली दारव्ह्याकडच्या एका वाड्यातली १९५८ची फियाट ११००. लोक हिला आकारावरून ‘डुक्कर फियाट’ म्हणतात. वीस-बावीस वर्षे गोठ्याच्या कडेला उभी, इंजिन जाम. दुसरी आर्वीकडची १९६६ची अ‍ॅम्बेसेडर मार्क-टू, अर्ध्या चावीत सुरू होणारी. दोघांनीही दोन लाखच मागितले. फियाटवाले म्हणाले, “आजोबाची निशाणी हाय जी, दोनच्या खाली नाई देनार.” अ‍ॅम्बेसेडरवाल्याने काही न बोलता आम्हाला गावाला एक चक्कर मारून आणली.

पुतण्या अ‍ॅम्बेसेडरवर फिदा झाला. माझं मत उलटं पडलं.

अ‍ॅम्बेसेडरचं बॉनेट उघडलं तर आत मॅटाडोर टेम्पोचं डिझेल इंजिन. मूळचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन कधीच भंगारात गेलेलं. आपल्याकडे एके काळी हे सर्रास चाललं. डिझेल स्वस्त, लग्नाचं वऱ्हाड वाहायला गाडी पाहिजे, मग करा बदल. त्यात गैर काही नाही, पण जुनी गाडी म्हणून भाव लावताना हा बदल मोठा खड्डा आहे. आरसी बुकावर इंधन अजून पेट्रोलच लिहिलेलं, म्हणजे कागद आणि गाडी यांची भेटच नाही.

फियाटचं जाम इंजिन पाहून घाबरू नका. तिचं १०८९ सीसीचं इंजिन पुढे प्रीमियर पद्मिनी या गाडीतही चाललं आणि पद्मिनी २०००च्या सुमारापर्यंत निघत होती. त्यामुळे ते खोलून बसवणारा मिस्त्री आणि बरेचसे सुटे भाग अजून मिळतात. आम्ही प्लग काढले, भोकांत तेल सोडलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी हँडल लावलं तर बोटभर हललं. माझ्या दृष्टीने तेवढं पुरे.

मिळत नाही ते वरचं सामान: जाळी, बंपर, मागचे दिवे, दारावरच्या चकचकीत पट्ट्या, हबकॅप. हे एकेक शोधण्यात वर्ष जातं आणि विकणारा तोंडाला येईल तो भाव सांगतो. या फियाटवर दोन हबकॅप सोडून सगळं जागेवर होतं. पुढची दारेही उलटी उघडणारी, मूळचीच. अ‍ॅम्बेसेडरवर मात्र जाळी नंतरच्या मॉडेलची आणि सीट जीपच्या.

पत्र्याचं दोन्हीकडे सारखंच बघावं लागतं. जीपसारखी वेगळी चासी या दोन्ही गाड्यांना नाही, बॉडी हाच सांगाडा. तळ कुजला की हाडंच कुजली समजा. आपलं विदर्भाचं कोरडं ऊन पत्र्याला कोकणापेक्षा बरं, पण रबर आणि वायरिंगचं ते भुस्कट करतं. वर गोठ्यातलं गोमूत्र, शेणाच्या जमिनीची ओल, आणि फियाटच्या मागच्या सीटवर तर युरियाची पोती रचलेली! खताने त्या बाजूचा तळ चाळणी झालाय. अ‍ॅम्बेसेडरला नवा रंग होता, पण दाराखालच्या पट्टीवर चुंबक लावलं तर चिकटेना. आत नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. न रंगवलेली गाडी निदान खोटं बोलत नाही.

आता हिशेब. आकडे माझे धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या मिस्त्रीला विचारून बदला. समजा, तयार आणि कागद चोख असलेली अशी फियाट साडेसहा लाखांना जाते. पत्रा-रंगाला दोन लाख, इंजिन-ब्रेक-वायरिंगला ऐंशी हजार, काचा-रबर-सीट-क्रोमला एक लाख, गाडी उचलून आणायला वीस हजार. झाले चार. अचानक निघणाऱ्या कामासाठी आणखी पाचवा हिस्सा, ऐंशी हजार. उरले एक लाख सत्तर. तोच माझा वरचा आकडा. मूळ इंजिनाची तयार मार्क-टू समजा चार लाखांची. इंजिन शोधून बसवायला ऐंशी हजार, पत्रा-रंगाला दीड लाख, बाकीला साठ हजार, वर पाचवा हिस्सा. उरतात पन्नास हजारांच्या आसपास. रोज आर्वी-वर्धा करायचं असेल तर तिला जास्त देता येतील, पण मग ते चालत्या वाहनाचे पैसे झाले, जुन्या गाडीचे नाहीत.

कायद्याच्या बाजूनेही फरक पडतो. शौकिनांच्या वर्गवारीत खरी विंटेज म्हणजे १९१९ ते १९३०ची गाडी. २०२१च्या केंद्रीय नियमाने मात्र पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपातली खासगी गाडी विंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांच्या नंबर-मालिकेत नोंदवता येते. फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. जुनी नोंदणी असेल तर जुना नंबरही ठेवता येतो. पण ती रोज चालवायची नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी यात बसत नाही, म्हणजे मॅटाडोरवाली बाहेर. साध्या नोंदणीवर ठेवायची तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर आलाच.

फियाटचं घोडं अडलंय ते वारसांवर. आरसी आजोबांच्या नावावर, आजोबा गेले, आणि तीन भावांपैकी एक नागपूरला बसलाय, बाकीच्यांशी बोलतच नाही. आधी वारसाच्या नावावर नोंद (फॉर्म ३१, सोबत बाकीच्यांचं संमतीपत्र), मग विक्रीच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. हे होत नसेल तर एक लाख सत्तर विसरा. बिनकागदाची गाडी सुट्या भागांच्या भावातच घ्यावी, कितीही देखणी असो.

मिरगाच्या तोंडावर बी-बियाण्यासाठी माणूस अडलेला असतो, तेव्हा भाव पाडून मागा असं पुतण्याला कुणीतरी शिकवलं. मी म्हटलं, ते आपल्याकडून होणार नाही. आकडा कागदावर मांडून फियाटवाल्यांसमोर ठेवला. म्हातारबांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि युरियाच्या कुजलेल्या तळावर बोट ठेवून म्हणाले, “हे त पोरायनं केलं.” नागपूरच्या भावाला फोन लावतो म्हणालेत. त्याची सही येईपर्यंत विसार द्यायचा नाही, एवढं ठरलंय.