पणजी पायी: ८०० रुपये वसूल होतात, पण दुसऱ्या तासात

भाड्याच्या घराचं ॲग्रीमेंट झालं, गॅसचं कार्ड आलं, तरी पणजी मला वन-वेच्या पाट्यांपलीकडे ओळखीची होईना. कोल्हापुरात डोळे मिटून गल्ल्या काढणाऱ्या बाईला हे फार लागतं. म्हणून पायी फिरवणाऱ्या एका टूरचे माणशी ८०० रुपये भरले. नाव देत नाही, कारण पुढे बरीच कुरकुर आहे. तरी नव्याने बदली होऊन आलेल्यांनी एकदा जावंच.

सकाळी साडेसातला पोस्टाजवळून निघायचं. वेळ अगदी योग्य. ऊन चढल्यावर इथल्या दमट हवेत चालणं म्हणजे शिक्षा.

पहिला तास फोंतेन्हासचा, म्हणजे पोर्तुगीज वळणाच्या जुन्या घरांच्या वस्तीचा, आणि तोच सगळ्यात फिका. गाइड पेडण्याचा तरुण मुलगा, मराठी-कोकणीची सरमिसळ मोठी गोड. पण निळी भिंत, पिवळी भिंत, लाल दरवाजा, फोटो काढा, पुढे चला. आमच्यातल्या दोघी एका घराच्या पायरीवर टेकल्या, तर वरच्या खिडकीतून एक आजी म्हणाल्या, "बाय, हांगा बसूं नाका." बरोबरच बोलल्या. काही घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या आहेत आणि त्यांच्याच खाली लोक मोबाइल वर करतात. गाइडने हे सुरुवातीलाच बजावायला हवं होतं.

तिथल्या ३१ जानेवारी रस्त्याच्या नावाची फरशी दाखवून गाइडने ठोकून दिलं की ३१ जानेवारी म्हणजे पोर्तुगाल स्पेनपासून सुटला तो दिवस. तो १ डिसेंबर १६४०. ३१ जानेवारीला, १८९१ साली, पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध उठाव झाला होता. पैसे घेता तर एवढं तपासा की! याच पणजीत १८ जून रस्ताही आहे, राममनोहर लोहियांनी १९४६ साली मडगावात पोर्तुगीजांविरुद्ध सत्याग्रहाला तोंड फोडलं त्या दिवसाचा. एक तारीख त्यांची, एक आपली, आणि मी दोन्हींवरून पिशवी घेऊन बाजारात जाते. टूरमध्ये याचा चकार शब्द नाही.

शिंपल्यांच्या खिडक्या मात्र त्याने नीट दाखवल्या. काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवलेले. बोट लावलं तर अभ्रकासारखे पापुद्रे जाणवतात, आणि आत उजेड येतो तो दुधाळ, डोळ्यांना न टोचणारा. बाहेरच्याला आतलं दिसतही नाही. आमच्या फ्लॅटच्या स्लायडिंगपेक्षा शंभर पटींनी शहाणी सोय.

सेंट सेबॅस्टियन चॅपेलमधला क्रूस एकेकाळी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत. ते चॅपेल मूळचं १८१८चं. पणजीतलं महालक्ष्मीचं देऊळही १८१८चंच, पोर्तुगीज अमलात इथे उभं राहिलेलं पहिलं. तिकडे पेशवाई बुडाली त्याच साली! हे मी गाइडला सांगितलं तेव्हा त्याने वहीत टिपून घेतलं, त्याबद्दल त्याला एक गुण जास्त.

खरा माल पुढे, आल्तिनोच्या पायथ्याच्या मळा नावाच्या वस्तीत. इथे आल्यावर मुलगा एकदम खुलला. डोंगरात मुरलेलं पाणी पायथ्याच्या झऱ्याला कसं येतं, वस्ती त्या झऱ्याच्या आधाराने कशी वाढली, आणि भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की खाडीत निचरा न झाल्यामुळे हाच सखल भाग का तुंबतो, हे त्याने उतार दाखवत दाखवत समजावलं. मग पायऱ्यांनी वर मारुतीच्या देवळापाशी. वरून एका नजरेत खाडी, पाटोचा पूल, मांडवी. गाडीवरून जे गाव तुकड्या-तुकड्यांत दिसायचं ते तिथे एकदाचं जुळलं. पहिला तास निम्मा करून हा दुप्पट करावा, अशी माझी सूचना.

शेवटी नाश्ता, पैशांत धरलेला. कोल्हापूरच्या जिभेला पातळ भाजी जरा मवाळ लागते. सोबत मिरची भजी घ्या आणि बन्स भाजीत बुडवून खा, म्हणजे तक्रार उरत नाही.

दुसऱ्यांदा पैसे भरायची गरज नाही. बाकीचं आपलं आपण फिरता येतं. बेतीच्या फेरीबोटीला पायी जाणाऱ्याकडून तिकीट घेत नाहीत. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीतल्या निळ्या फरश्यांची चित्रं जाता-येता बघता येतात. रायबंदरचा तीनेक किलोमीटरचा बांध, सतराव्या शतकातला, एका बाजूला खारफुटी. पण वाहनं अंगावरून जातात, तेव्हा रविवारी पहाटेच जा.

लहान मुलांची बाबागाडी नेऊ नका, फुटपाथ मध्येच संपतात. गुडघे दुखणाऱ्यांनी मारुतीच्या पायऱ्यांची आधी चौकशी करावी. पावसाळ्यात गुळगुळीत तळाच्या चपला नकोत, जांभ्याच्या दगडावर शेवाळ धरतं. पाचपैकी साडेतीन.