पेटीचे लाकडी ईझल: दहा महिन्यांचा वापर आणि मागच्या पायाचा नट

मार्चच्या दुसऱ्या रविवारी दौलताबादच्या घाटात देवगिरीचा डोंगर रंगवत असताना माझ्या ईझलचा, म्हणजे रंगांची पेटी असलेल्या, चित्राची फळी टेकवायच्या तिपाईचा, मागचा पाय अचानक आत सरकला, पाण्याचा डबा उलटला आणि दीड तासाचे काम वाहून गेले. म्हणून हा अनुभव लिहीत आहे. रंगांचा कप्पा उत्तम आहे, खांद्याचा पट्टा ठीक आहे, वजन जास्त आहे. पण या ईझलची सगळी किंमत मागच्या पायाच्या त्या एका पितळी नटावर ठरते, असे माझे मत झाले आहे.

ज्यांनी बाहेर उभे राहून जलरंगात काम केले आहे, त्यांना यामागचे कारण लगेच कळेल. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, देताना फळीला थोडा उतार लागतो, म्हणजे रंगाचा भरलेला ओला काठ ब्रशने खाली ओढत आणता येतो. आपल्याकडे मार्चमध्ये सकाळी दहानंतर हवा इतकी कोरडी असते की हात क्षणभर थांबला तरी त्या काठाची रेघ उमटते आणि ती पुढे काही केल्या जात नाही. अशा वेळी पाय बोटभर जरी सरकला तरी उतार बदलतो, रंग एका कोपऱ्यात धावतो आणि ब्रश खाली ठेवून नट पिळायला सवड नसते. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) सुती कागद मी पूर्ण ताव घेऊन चार तुकडे करून वापरतो. त्यातला एक तुकडा वाया गेला तरी जिवाला लागते.

गेल्या जूनमध्ये ४,८०० रुपयांना हे ईझल घेतले, तेव्हा मी त्याचे सर्वांजवळ कौतुक केले होते. सप्टेंबरात पैठणला नाथसागराच्या काठावर वारा असूनही ते जागचे हलले नाही. दिवाळीनंतर पाय किंचित घसरू लागला, तेव्हा मी दोष मुरमाड जमिनीला दिला. जानेवारीत घरच्या फरशीवरही तेच घडले, तेव्हा माझे मत बदलले. पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगले होते आणि पाय त्या फुगण्यामुळे घट्ट बसत होता. हवा कोरडी पडली, लाकूड आकसले आणि नटाची पकड मुळातच अपुरी होती हे उघड झाले. लाकूड आकसणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते आकसेल हे गृहीत धरून नटाचे आटे पुरेसे लांब न ठेवणे, ही मात्र बनवणाऱ्याची चूक आहे.

विक्रेत्याला मी छायाचित्रांसह तीन वेळा लिहिले. पहिल्यांदा नट घट्ट करण्याचा सल्ला मिळाला, दुसऱ्यांदा लाकडातील नैसर्गिक बदल वॉरंटीत येत नाहीत असे कळवले गेले आणि तिसऱ्या पत्राला उत्तरच आले नाही. मी पैसे परत मागितले नव्हते, फक्त लांब आट्यांचा एक बोल्ट मागितला होता. एवढ्याशा वस्तूसाठी ग्राहकाला ताटकळत ठेवणे मला अजिबात पटलेले नाही.

शेवटी गल्लीतल्या सुताराने लोखंडी बोल्ट घातला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा वायसर कापून दोन लाकडांच्या मध्ये बसवला. खर्च ६० रुपये आला. त्यानंतर एप्रिलच्या उन्हात सहा वेळा बाहेर नेले, पाय एकदाही सरकला नाही.

आता हे ईझल घ्यावे असेच मी सांगेन, कारण उभे राहून रंगवण्याने माझ्या चित्रात खरा फरक पडला आहे. मांडीवर फळी घेऊन बसत होतो तेव्हा मान सारखी खालीवर व्हायची आणि डोंगर प्रत्येक वेळी थोडा वेगळा दिसायचा. आता कागद आणि देवगिरीचा तासलेला कडा एका नजरेत येतात. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळून केलेला करडा रंग काळ्या पाषाणाला कुठे जुळतो आणि कुठे जास्त निळा पडतो, हे डोळे बारीक केले की जागेवरच कळते. सावल्या दोन तासांत पूर्ण बदलतात, म्हणून मी त्या आधी आखून घेतो आणि नंतर उन्हाच्या मागे धावत नाही.

दुकानात जाऊन घेणार असाल तर तिन्ही पाय पूर्ण लांब करून नट पिळा, फळीवर हाताचा भार द्या आणि मागच्या पायाकडे पाहा. तो केसभर जरी सरकला, तरी पैसे देण्याआधी लांब बोल्ट मागून घ्या.