लहान मूल घरात असताना प्रवासवर्णनं: लायब्ररीचं पुस्तक की ऑडिओबुक?

एका मैत्रिणीचं बाळ आठ महिन्यांचं आहे, तिला प्रवासवर्णनं वाचायचीयत पण लायब्ररी लावू की ऑडिओबुकचं ॲप घेऊ यावर अडकलीये, म्हणून सविस्तर लिहिते.

वेळेच्या बाबतीत ऑडिओ सरळ पुढे. पोळ्या लाटताना, बाळाला मांडीवर थोपटताना हात मोकळे नसतात पण कान असतात ना. फक्त मूल रडलं की धागा तुटतो आणि मागे जाऊन नेमकी जागा सापडत नाही, पुस्तकात बोट ठेवलं की झालं.

खर्चाचं म्हणाल तर ॲपचे पैसे महिनाभर काही ऐकलं नाही तरी जातात. लायब्ररीची वर्गणी सहसा कमी, डिपॉझिट परत मिळतं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, अशा जुन्या ठिकाणी जी पुस्तकं मिळतात ती ऑडिओत सगळी येत नाहीत. पण बाळाला घेऊन पुस्तक बदलायला जायचं म्हणजे अर्धा दिवस, हेही खरंय.

माझ्या मते खरा फरक नकाशाचा. कोकणातल्या वरसईचे गोडसे भटजी १८५७ च्या धामधुमीत झाशीला जाऊन आले, त्या प्रवासाचं त्यांचं ‘माझा प्रवास’ हे पुस्तक नुसतं ऐकलं तर गावांची नावं कानावरून जातात, वाचताना मात्र नकाशा उघडून बोटाने रस्ता शोधता येतो, आणि मूल चार-पाच वर्षांचं असेल तर तेही शेजारी येऊन बसतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

तर तान्हं बाळ आणि एकटीवर काम असेल तर ऑडिओ घे. मूल बालवाडीत जायला लागलं की लायब्ररी.