कॉमन रेल इंजेक्टरची दुरुस्ती: देवगड ते कोल्हापूर, वर्षभर गाडी चालवून आलेला अनुभव

आमच्या भागात 'इंजेक्टर करून मिळतील' अशी पाटी पुष्कळ गॅरेजांवर दिसते. इंजेक्टर म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग; कॉमन रेल गाडीत सगळ्या इंजेक्टरांना एकाच जाड नळीतून, म्हणजे रेलमधून, जबर दाबाचं डिझेल मिळतं. ज्यांना ज्यांना मी विचारलं, त्यांच्यापैकी एकाकडेही कॉमन रेलचं टेस्ट बेंच, म्हणजे इंजेक्टर चढवून तपासायचं यंत्र, नव्हतं. इंजेक्टर काढायचे, पुसायचे, डब्यात घालून संध्याकाळच्या गाडीने घाटावर पाठवायचे आणि परत आले की बसवून द्यायचे, असा धंदा. त्यात गैर काही नाही. बेंच फार महाग पडतं आणि दोन-चार तालुक्यांच्या गाड्यांवर त्याचे पैसे सुटणार नाहीत. पण मग प्रत्यक्ष काम करणार कोण आणि उद्या बिघडलं तर जबाबदारी कोणाची, हे आधी विचारायलाच हवं. याचं उत्तर धड न मिळाल्यामुळे मला एकाच कामाचे दोनदा पैसे मोजावे लागले. म्हणून सविस्तर लिहितोय. कुठल्याही दुकानाचं नाव देत नाही, कारण वाईट अनुभव एका गाडीचा आहे आणि चांगलाही एकाच गाडीचा.

गाडी म्हणजे पिकअप, चार सिलिंडरचं कॉमन रेल डिझेल, दीड लाख किलोमीटरच्या वर गेलेली. मार्च ते मे हापूसच्या पेट्या घेऊन वाशी मार्केट, बाकी वर्षभर चिरे, खत, मंडपाचं सामान, मिळेल ते भाडं. पावसाळ्याच्या शेवटी तिने त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी गार इंजिन बिनतक्रार लागायचं. घाट चढून गरम झालेली गाडी चहासाठी बंद केली, की परत लागताना मात्र स्टार्टर रेटून रेटून बॅटरी उतरायची वेळ यायची. आयडलला हलकी मिसिंग, अ‍ॅव्हरेज उतरलेलं.

पहिल्यांदा गेलो महामार्गालगतच्या एका मोठ्या गॅरेजात. स्वागत उत्तम. खुर्ची, पंखा, चहा. स्कॅनर लावला, पाच मिनिटं स्क्रीनकडे बघितलं आणि निकाल दिला: "चारय गेले हत. एकदमच करून घेवया, मगे टेन्शन नाय." कुठला किती गेलाय, कशावरून, हे काही नाही. आंब्याची पेटी न उघडता सगळ्या डझनांचा भाव लावल्यासारखं. बिल झालं चोवीस हजार आणि लेबर वेगळं. बिल म्हणजे वहीचा कागद, त्यावर 'इंजेक्टर ४ नग रिपेर'. जुने नोझल, म्हणजे इंजेक्टरची फवारा उडवणारी टोकं, मागितले तर "ते थंयच रवले", टेस्टचा रिपोर्ट मागितला तर "तसला काय गावणा नाय."

गाडी सुरुवातीला छान चालली, हे कबूल करायला हवं. दोनेक महिन्यांनी गरम इंजिनाचा तोच त्रास परत सुरू झाला. गॅरेजवाल्याने आधी डिझेलवर ढकललं, "पाणी असतला डिझेलात." मग "कोल्हापूरवाल्यांका विचारतंय" यावर बरेच दिवस काढले. ज्या लॅबने प्रत्यक्ष काम केलं होतं तिचा नंबर मी मागितला, तर तो देईना. पुढे कळलं की दिला असता तरी उपयोग नव्हता. लॅबचं गिऱ्हाईक तो, मी नव्हे. लॅब जी काय वॉरंटी देते ती त्याच्या नावावर, आणि माझ्या हातात वहीचा कागद. इंजेक्टर परत पाठवायचे तर काढायचं-घालायचं लेबर कोण देणार यावरच गाडी अडली. गॅरेजवाला माणूस म्हणून वाईट नव्हता. मधल्या माणसाची सगळी व्यवस्थाच अशी असते की चूक झाली तर ती कोणाच्याच दारात जाऊन पडत नाही.

दुसरं दुकान मालवणच्या बाजूचं, बोटींचे नोझल करणारं. सल्ला घ्यायला म्हणून गेलो. चाळीसेक वर्षं हेच काम करणारे काका, भिंतीला घट्ट बसवलेला हातपंप, त्यावर प्रेशरचं घड्याळ, सगळीकडे डिझेलचा वास. ट्रॉलरच्या जुन्या धाटणीच्या इंजिनांचे इंजेक्टर साधे असतात. आत स्प्रिंग, डिझेलचा दाब साधारण २०० बारच्या आसपास गेला की सुई उचलते आणि फवारा उडतो. दाब कमी-जास्त करायचा तर आतली शिम, म्हणजे पातळ चकती, बदलायची. काका हातपंप दाबतात, फवारा डोळ्यांनी बघतात, कानांनी आवाज ऐकतात आणि नोझल पास की नापास ते सांगतात. नोझलला ते अजून 'मायको'च म्हणतात, मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं तरी. कॉमन रेलचं गणित निराळं. तिथे रेलमध्ये १६०० बारपर्यंत दाब, इंजेक्टर उघडतो तो ईसीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या, विजेच्या इशाऱ्यावर, आणि मुख्य फवाऱ्याआधी जी बारीक पिचकारी सोडतो ती जेमतेम एक-दोन घन मिलिमीटरची. हातपंपावर ते काही कळत नाही. काकांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, "ह्यां माज्या हातचा न्हय." अशी स्पष्ट कबुली आधीच्या चकाचक गॅरेजात ऐकली असती तर पैसे वाचले असते.

पण रिटर्नची टेस्ट त्यांनी करून दिली, आणि सगळ्या प्रकरणात मला सर्वात जास्त शिकवलं ते या अर्ध्या तासाने. इंजेक्टर जितकं डिझेल सिलिंडरमध्ये सोडतो, त्याशिवाय थोडं डिझेल त्याच्या डोक्यावरच्या बारीक नळीतून टाकीकडे परत जातं. काकांनी चारही नळ्या सोडवल्या, प्रत्येकीला पारदर्शक पाइप जोडून चार सारख्या बाटल्यांत सोडला, बाटल्या तारेने बॉनेटला टांगल्या आणि गरम इंजिन आयडलवर ठेवलं. काही मिनिटांत एक आणि तीन नंबरच्या बाटलीत तळ झाकण्याइतकं डिझेल आलं, चारमध्ये त्याहून थोडं जास्त, आणि दोन नंबरची बाटली निम्मी भरली. संपलं. गरम झाल्यावर डिझेल पातळ होतं, इंजेक्टरातल्या खराब व्हॉल्व्हमधून जास्त निसटतं, रेलमध्ये ठरावीक दाब तयार होत नाही, आणि तो झाल्याशिवाय ईसीएम इंजेक्टर उघडतच नाही. स्टार्टर रेटावा का लागत होता ते चार बाटल्यांनी दाखवलं. त्यासाठी घेतले तीनशे रुपये. वर सल्ला: "एकच गेलोहा. बाकीचे खोलूक देव नको. आणि माणसाच्या हातात देव नको, तू सोता घेवन जा."

तर फोंडा घाट चढून, राधानगरीवरून कोल्हापूर. ही लॅब वेगळी, औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये. आधी तक्रारी सांगतो. बसायला जागा नाही. काउंटरवरचा पोरगा मान वर न करता बोलतो. दुपारी फोन उचलत नाहीत. 'चारला या' सांगितलं आणि इंजेक्टर हातात मिळाले तेव्हा बाहेर दिवे लागले होते. रात्री घाट उतरण्याची ज्यांना सवय नाही त्यांनी मुक्कामाची तयारी ठेवूनच जावं. शिवाय ते बसवून देत नाहीत, फक्त इंजेक्टरचं काम करतात.

एवढं सोडलं तर काम असं की बघत राहावं. चारही इंजेक्टरवर सिलिंडरचा नंबर घातला. खोलण्याआधी जसेच्या तसे बेंचवर चढवले आणि मला काचेच्या अलीकडे उभं केलं. स्क्रीनवर प्रत्येक इंजेक्टरचे आकडे येत होते: फुल लोड, आयडल, प्री-इंजेक्शन (मुख्य फवाऱ्याआधीची ती बारीक पिचकारी), रिटर्न, आणि प्रत्येकाशेजारी कंपनीने ठरवलेली कमाल-किमान मर्यादा. एक आणि तीन व्यवस्थित. चार मर्यादेच्या आत पण काठावर. दोनचा रिटर्न मर्यादेच्या कितीतरी बाहेर. बाटल्यांनी सांगितलं तेच, फक्त आकड्यांत. मालक म्हणाले, "तिनांना हात लावायचा न्हाई मालक. चार नंबर आजून चालतोय, कशाला पैसं घालवताय?" चोवीस हजार घालवून आलेल्या माणसाला हे ऐकून कसं वाटलं असेल ते लिहीत बसत नाही.

दोन नंबर खोलल्यावर त्यांनी मायक्रोस्कोपखाली व्हॉल्व्हची सीट दाखवली. छोटी गोळी जिथे बसते ती गोल कडा, आणि तिच्यावर एका जागी केसाएवढी झिजलेली रेघ. तिथूनच डिझेल पळत होतं. नोझल मात्र नवाकोरा. म्हणजे आधीच्या कामात नोझल बदललं होतं, हे खरं. ज्या व्हॉल्व्हमुळे त्रास होता त्याला कोणी हात लावला नव्हता. मी विचारलं, हे असं कसं? "दुसऱ्याच्या कामाबद्दल मी बोलत न्हाई," एवढंच म्हणाले. मला ते आवडलं.

व्हॉल्व्ह बदलून परत बेंचवर, परत आकडे. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद माझ्या हातात. जुना व्हॉल्व्ह प्लास्टिकच्या पिशवीत. इंजेक्टरच्या तोंडांना टोप्या. नवा कोड चिठ्ठीवर लिहून दिला आणि तो ईसीएममध्ये भरून घ्यायला बजावलं, कारण प्रत्येक इंजेक्टर किंचित वेगळा असतो आणि त्याचा तो फरक ईसीएमला कोडवरूनच कळतो. पैसे: तपासणीचे प्रत्येकी चारशे, एका इंजेक्टरच्या दुरुस्तीचे बावन्नशे, वर १८ टक्के जीएसटी. पक्कं बिल माझ्या नावावर, गाडीच्या नंबरासकट, सहा महिन्यांची वॉरंटी लिहून. अट एकच: आत पाणी किंवा गंज सापडला तर वॉरंटी नाही. अट रास्त आहे. आपल्याकडे पावसाळ्यात टाकी निम्मी रिकामी ठेवली की आतल्या दमट हवेचं पाणी धरतं. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढायला पाच मिनिटं लागत नाहीत आणि ड्रायव्हर लोक डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागेपर्यंत तिकडे बघत नाहीत.

पक्क्या बिलाचा आग्रह धरा, १८ टक्के वाचवू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, दुकान कोल्हापुरात असलं तरी. पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणाऱ्यालाही ती वाट बंद नाही. १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मला कशाची गरज पडली नाही, पण वहीचा कागद घेऊन तिथे काय सांगणार होतो?

खरी परीक्षा झाली ती चारेक महिन्यांनी, ऐन आंब्याच्या तोंडावर. चढावर बॉनेटखालून चफ्‌-चफ्‌ आवाज, आणि दोन नंबरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर. मला वाटलं, झालं, आता परत तेच: बसवणारा म्हणणार लॅबची चूक, लॅब म्हणणार बसवणाऱ्याची. फोन लावला, सकाळी, दुपारी नव्हे. मालकांनी आवाजाचा व्हिडिओ मागितला, मग इंजेक्टर काढून खालच्या कॉपर वॉशरचा आणि हेडमधल्या सीटचा फोटो. फोटो बघून म्हणाले की इंजेक्टर ठीक आहे, सीटवर जुना कार्बन राहिलाय, वॉशर सपाट बसलेला नाही आणि जाळ वर येतोय. म्हणजे चूक बसवतानाची, त्यांची नव्हे. तिथे फोन ठेवला असता तरी मी काही म्हणू शकलो नसतो. त्यांनी माझ्या देवगडच्या मिस्त्रीशी स्वतः बोलून सीट कटर कसा फिरवायचा, कार्बन सिलिंडरमध्ये पडू नये म्हणून काय करायचं, क्लॅम्पचा बोल्ट किती टॉर्कला आवळायचा ते समजावलं. बरोबर जाडीचे वॉशर दुसऱ्या दिवशीच्या बसने पाठवले, पैसे घेतले नाहीत. मिस्त्रीनेही लेबर अर्धंच घेतलं. हंगामाची एकही फेरी बुडाली नाही.

त्यानंतर गाडी मुंबईच्या फेऱ्या करतेय. गरम इंजिन अर्ध्या स्टार्टरला लागतं. अ‍ॅव्हरेज पूर्वीच्या जागी आलंय, भरलेल्या गाडीचं थोडं कमी, पण ते लोडवर आहे.

मालवणच्या काकांकडे जायचं असेल तर वेळ बघून जा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि बोटवाले इंजिनाचं काम शेवटच्या पंधरवड्यावर ढकलतात. जुलै अखेरीस त्यांच्या दारात नोझलांच्या बादल्या लागलेल्या असतात, पिकअपकडे बघायला कोणाला सवड नसते. त्यानंतर लगेच गणपती, तेव्हा चाकरमान्यांच्या गाड्या.

या हंगामाआधी परत एकदा चार बाटल्या टांगून घेतल्या. दोन नंबर आता सगळ्यांत कमी. चार नंबर मात्र वाढलाय, पाव बाटलीपर्यंत. कोल्हापूरला फोटो पाठवला, तर उत्तर आलं: हंगाम काढा, गरम गाडी बंद करून परत स्टार्ट करणं टाळा, जूनमध्ये घेऊन या. पाच-सहा हजार बाजूला काढून ठेवलेत. पहिल्या पावसाआधी घाट चढायचा विचार आहे, आणि या वेळी सकाळी लवकर निघणार.