पहिलीचा फॉर्म भरताय? इंग्लिश मीडियम की जिल्हा परिषदेची सेमी

धुळ्याजवळ मी संध्याकाळी शिकवणी घेते. पोरं बहुतेक अवधान एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्यांची, नाहीतर हमालांची. प्रवेशाचे दिवस आले की आया विचारतात, "ताई, पोऱ्याले इंग्लिशमा टाकू का मराठीमा?" मराठीत आता सेमीही आहे, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून.

पैशाचं पटकन सांगते. 2009 च्या आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत गरीब घरच्या पोरांसाठी राखलेल्या 25 टक्के जागांवर नंबर लागला तर आठवीपर्यंत फी नाही. नववीत मात्र ती अंगावर येते, आणि व्हॅन-गॅदरिंगचा खर्च पहिल्या दिवसापासून असतो. जिल्हा परिषदेत पुस्तकं आणि दुपारची खिचडी फुकट.

खरी अडचण भाषेची. मराठी शाळेत गेलं म्हणजे पोर मातृभाषेत शिकलं, हे आपल्याकडे अर्धंच खरं. घरी अहिराणी. "माले समजनं नही" म्हटलं की तिथेही पोरं हसतात. पण हा ओढा लहान आहे, दिवाळीपर्यंत ओलांडला जातो. इंग्लिश मीडियममध्ये अहिराणी बोलणाऱ्या पोराला मराठी आणि इंग्रजी एकदमच शिकावी लागते. त्यात काही मॅडम समजावतात हिंदीतून.

माझ्याकडच्या दुसरीतल्या एका मुलाच्या वहीत गणित होतं: बारा आंबे, तीन खाल्ले, 'हाऊ मेनी आर लेफ्ट?' त्यानं उत्तराच्या जागी डावीकडे बाण काढला होता. लेफ्ट-राइट त्याला पाठ होतं ना! मी विचारलं, "कितला उरनात?" माझं वाक्य संपायच्या आत म्हणाला, "नऊ." शाळेनं त्या गणिताला शून्य दिला होता. त्याची आई डायरीतली सूचना किराणा दुकानदाराकडून वाचून घेते, तीही दुकानात गर्दी नसेल तर.

सेमीतही खाचखळगे आहेतच. 'अंश-छेद' शिकलेलं पोर गणित इंग्रजीत सुरू झालं की 'न्यूमरेटर'पाशी अडतं. कुठे सेमी पहिलीपासून, कुठे पाचवीपासून. आणि कुठे नुसती पाटीवर. अकरावी सायन्सला इंग्लिश मीडियमची पोरं सुरुवातीला पुढे असतात, हे मी नाकारत नाही. पण राज्यात 2000 पासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी आहे. पाया अगदीच कोरा राहत नाही.

रात्री डायरी उघडून बसणारं घरात कुणी असेल, शिकलेली आत्या किंवा कॉलेजातला काका, तर आरटीईचा नंबर सोडू नका. कुणीच नसेल तर मी सेमी सांगते. नवरा-बायको दोघं पाळीवर जाणाऱ्या घरात शिकवणीवर भिस्त ठेवू नका. माझ्याकडे पोर एक तास असतं, त्यातला अर्धा वेळ शाळेत काय सांगितलं ते उलगडण्यात जातो.

शाळा बघायला जाल तेव्हा संगणक खोली दाखवतील, बघून घ्या. मग चौथीतल्या एखाद्या पोराला इंग्रजी धड्यातल्या चार ओळी वाचायला लावा आणि अर्थ विचारा. अहिराणीत सांगितला तरी चालेल.