कुत्र्याच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलंय: आराम, दोऱ्याचं ऑपरेशन की टीपीएलओ?

मिरजेत माणसाच्या गुडघ्यासाठी पाहिजे तितके हाडांचे डॉक्टर मिळतात, पण कुत्र्याचा गुडघा गेला की सांगलीतला माणूस गोंधळून जातो, कारण एक डॉक्टर म्हणतात आराम द्या, दुसरे म्हणतात ऑपरेशन करा आणि शेजारचे काका म्हणतात हाडवैद्याकडं नेऊन पाय बसवून घ्या. हाडवैद्याचं आधीच सांगतो, अजिबात नेऊ नका, सांधा निखळलेला नसतो, आतलं लिगामेंट तुटलेलं असतं, ओढून-चोळून आतली गादी पण फाटायची. आमच्या लॅबचं (लॅब्रेडॉरचं) दोऱ्याचं ऑपरेशन झालंय, मावसभावाच्या जर्मन शेफर्डला टीपीएलओ करून, म्हणजे हाड कापून, प्लेट बसवलीय आणि शेजारच्या पॉमेरियनला नुसत्या आरामावर ठेवलं होतं, तिन्ही जवळून बघितलंय म्हणून लिहितोय.

आधी लिगामेंटच आहे ना याची खात्री करा. मागचा पाय नुसता बोटांवर टेकवतंय, बसताना तो पाय बाजूला टाकून बसतंय, झोपून उठल्यावर जास्त लंगडतंय, तर संशय घ्यायचा. पॉमेरियनसारख्या छोट्या कुत्र्यात वाटी सरकलेली असू शकते, मोठ्यात खुब्याचा त्रास असू शकतो आणि आपल्याकडं गोचिडाच्या तापानं पण सांधे धरतात. डॉक्टर खालचं हाड हातानं पुढं ढकलून बघतात, सरकलं की समजायचं लिगामेंट गेलंय, दुखत असेल तर त्यासाठी थोडी गुंगी द्यावी लागते. एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही पण सांध्यात पाणी साठलेलं आणि हाडाची झीज कळते. ऑपरेशन ठरलं तर रक्त आधी तपासून घ्याच, गोचिडाच्या तापात प्लेटलेट उतरलेल्या असतात आणि तशात चिरफाड नको.

अजून एक, माणसाचं लिगामेंट बहुतेक वेळा खेळताना झटक्यात तुटतं, कुत्र्याचं बऱ्याचदा आधीपासून आतल्या आत झिजत आलेलं असतं आणि एक दिवस साध्या उडीत जातं. म्हणून "थोडंच फाटलंय, जुळून येईल" यावर फार विसंबू नका, अर्धं फाटलेलं बहुतेक वेळा पुढं पूर्ण तुटतं.

आता आराम. १९८४ सालचा एक जुना अभ्यास आहे, त्यात १५ किलोच्या आतल्या कुत्र्यांपैकी सुमारे ८५ टक्के ऑपरेशनशिवाय चांगली सुधारली आणि त्यापेक्षा जड कुत्र्यांत जेमतेम १९ टक्के. २०१३ च्या एका अभ्यासात मात्र लठ्ठ, मोठ्या कुत्र्यांचं वजन उतरवलं, व्यायाम करून घेतला तर वर्षभरानं ऑपरेशन न केलेल्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश बरी चालत होती आणि टीपीएलओ केलेल्यांपैकी पाऊण. म्हणजे मोठ्या कुत्र्याला आशाच नाही असं नाही, पण वजन उतरवणं हा त्यातला निम्मा इलाज आहे आणि आपण नेमकं तिथंच ढिले पडतो. आजी दूध-चपाती घालणार, पोरं बिस्किटं देणार, रविवारी मटणाची हाडं, मग काय उतरणार वजन. पॉमेरियन छान चालायला लागलं कारण त्या वहिनींनी ताटातलं देणं पूर्ण बंद केलं आणि दोन महिने त्याला पट्ट्याशिवाय दाराबाहेर सोडलं नाही. आराम म्हणजे साखळीला बांधून गेटपाशी ठेवणं नव्हे हां, तिथं ते प्रत्येक गाडीवर झेप घेतं.

दोऱ्याच्या ऑपरेशनमध्ये सांध्याच्या बाहेरून जाड नायलॉन घालून हाडं पुढंमागं सरकणार नाहीत अशी बांधतात. तो दोरा कायमचा नसतो, कधीतरी सैल होतो किंवा तुटतो, पण तोवर सांध्याभोवती जाड, चिवट थर तयार होऊन तो गुडघा धरून ठेवतो. खर्च कमी, अवजारं साधी, हाड कापायचं नाही. छोट्या-मध्यम कुत्र्याला उत्तम. ३० किलोच्या दांडग्या लॅबला किंवा पळणाऱ्या कारवानी जातीच्या कुत्र्याला तो दोरा लवकर सैल पडू शकतो. आमची लॅब वयस्कर आणि शांत, म्हणून आम्ही तेच घेतलं आणि ती समाधानानं फिरते.

टीपीएलओमध्ये लिगामेंट दुरुस्तच करत नाहीत. कुत्र्याच्या नडगीच्या हाडाचा माथा मागं उतरता असतो, साधारण २५ अंश, त्यामुळं प्रत्येक पावलाला वरचं हाड मागं घसरू बघतं. गोल करवतीनं तो माथा कापून, फिरवून उतार ५-६ अंशांवर आणतात आणि प्लेट-स्क्रूनं बसवतात, मग लिगामेंटची गरजच उरत नाही. स्लोकम नावाच्या अमेरिकन सर्जननी १९९३ साली ही पद्धत मांडली. मोठ्या, तरुण, चपळ कुत्र्याला माझं मत स्पष्ट यालाच, पाय लवकर टेकतात आणि जोर चांगला येतो. पण खर्च दोऱ्याच्या कितीतरी वर जातो, सर्जन सरावाचा लागतो आणि जंतू शिरले तर प्लेट काढायची पाळी येते. तुम्ही किती केलीत, प्लेट कुठली, बिघडलं तर पुन्हा करायचा खर्च कुणाचा, हे तोंडावर विचारा, चांगला डॉक्टर रागवत नाही.

जायचं कुठं? आधी शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करून विचारा की यातलं कुठलं ऑपरेशन होतं, सातारा सोडून खंबाटकी ओलांडली की आलंच. नाहीतर पुणे. टाके १०-१४ दिवसांनी इथले डॉक्टर काढून देतात, पण ८ आठवड्यांचा एक्स-रे सर्जननाच दाखवा, गाडीभाडं आधीच हिशोबात धरा.

घरी मात्र तिन्हीत सारखंच राबावं लागतं आणि निकाल इथंच ठरतो. फरशी गुळगुळीत असेल तर सतरंज्या, रबरी मॅट टाका, जिना बंद, सोफा बंद, पट्ट्याला धरून पाच मिनिटं शी-शूपुरतं आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं. पूर्ण पळायला चार-सहा महिने. पोहणं चांगलं म्हणून कुणी कृष्णेत उतरवू नका, आपल्या पट्ट्यात मगरी आहेत, आणि शेततळ्याच्या प्लॅस्टिकवरून कुत्र्याला वर चढता येत नाही. दुखतंय म्हणून घरातली ब्रुफेन, पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅक देऊ नका, पोटात रक्तस्राव होतो, किडनी-लिव्हर जातं. मेलॉक्सिकॅम डॉक्टरांनी वजन बघून दिलं तरच, आणि स्टिरॉइडबरोबर कधीच नाही.

काहीही निवडलं तरी त्या गुडघ्यात थोडा संधिवात येतोच. आणि एका पायाचं गेलेल्यांपैकी जवळपास निम्म्या कुत्र्यांचं दुसऱ्या पायाचं पण पुढच्या वर्ष-दोन वर्षांत जातं, तेव्हा असतील तेवढे सगळे पैसे पहिल्याच पायावर लावू नका, आणि टीपीएलओसाठी कर्ज काढायची वेळ येत असेल तर दोऱ्याचं वेळेवर करून टाका, पैसे जमेपर्यंत सहा महिने लंगडत ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.